चैत्र शके १८९५, काळकाईची राई

तुम्ही वेल्ह्याला उतरता तो दिवस रविवार, ८ एप्रिल १९७३. पाडवा बुधवारी झाला. आज चैत्र शुद्ध पंचमी. टेरिलीनचा शर्ट पाठीला चिकटलाय, पायांत कॅनव्हासचे बूट आहेत, आणि खिसा चाचपलात तर हातरुमाल, पेन्सिलीचा तुकडा आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे एवढंच हाताला लागतं. फोन नाही. आज दिवसभर एखाद्या झाडाचं नाव हवं असेल तर ते माणसालाच विचारावं लागणार आहे. ज्याला विचाराल तो नावाबरोबर आणखी चार गोष्टी सांगेल. त्या ऐकून घ्यायला वेळ ठेवा.

एसटीच्या टपावरून सामान उतरतंय. ज्यांच्याबरोबर तुम्ही आलात तो दहा-बारा जणांचा घोळका पुण्याच्या एका कॉलेजातला: वनस्पतिशास्त्राचे सर, त्यांचे विद्यार्थी, दोन विद्यार्थिनी. सरांच्या खांद्याला लाकडी पट्ट्यांचा प्लँट प्रेस आहे आणि त्यात 'सकाळ' नि 'केसरी'चे जुने अंक भरलेत, फुलंपानं दाबून वाळवायला. त्या अंकांवर दुष्काळाच्या बातम्या आहेत. झोळीत कुकच्या ग्रंथाचा एक खंड आहे, ब्राउनपेपरचं कव्हर घातलेला. थिओडोर कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातल्या झाडाझुडपांची त्यांनी केलेली नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापली गेली, १९५८ साली तिची तीन खंडांत पुन्हा आवृत्ती निघाली आणि आजही, म्हणजे या १९७३ सालीही, सह्याद्रीत हिंडणाऱ्याला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. एका मुलाच्या गळ्यात अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा आहे. एका रिळात बारा फोटो. तो दिवसभर कशाचा फोटो काढायचा नाही हेच ठरवत राहणार आहे.

सर आज इथे का आले, तेही ऐका. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या आणि डॉ. शं. पु. आघारकरांनी घडवलेल्या संशोधन संस्थेत सध्या देवरायांचा अभ्यास चाललाय. डॉ. वा. द. वर्तक आणि हार्वर्डहून परतलेले तरुण माधव गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया आणि देवरहाट्या पायी हिंडून पाहतायत, कुठल्या राईत काय उरलंय ते लिहून ठेवतायत. सरांनी ते ऐकलं आणि त्यांना वाटलं, आपणही निदान एक राई नीट बघावी. मुलांना घेऊन, दिवसभर, घाई न करता.

वेल्ह्यापासून गावापर्यंत पायवाट आहे. डाव्या हाताला तोरण्याचा कडा उभा आहे, उन्हानं पांढुरका पडलेला.

पहिला तासभर वाट उघड्या डोंगरानं जाते. वसंत इथेही आहे, पण तो ओळखायला थोडं थांबावं लागतं. पळसाचा भर ओसरलाय, खालच्या शेंगा चपट्या नि पोपटी दिसतायत. काटेसावरीची बोंडं फुटली आहेत आणि कापूस वाऱ्यावर निघालाय. तो करवंदीच्या जाळीला अडकून बसतो. धायटीच्या फांद्या अजून लाल नळ्यांनी भरल्यात आणि त्यांच्यात एक सूर्यपक्षी डोकं खुपसून बसलाय. लांब कुठेतरी तांबट ठोके देतोय, एका लयीत, दमत नाही. करवंदं हिरवी आहेत. मुलं तोडतात, दाताखाली धरतात, तोंडं वाकडी करतात आणि पुन्हा तोडतात.

मग वाटेत झाडांची खोडकं लागायला लागतात.

गुडघाभर उंचीवर तोडलेली, काही जुनी, काही इतकी ताजी की कापलेल्या भागावर डिंक ओला आहे. उतार सबंध असाच आहे. वळण घेतलं की धुराचा वास येतो आणि मातीनं लिंपलेला ढीग दिसतो, अंगातून चार-पाच ठिकाणी धूर सोडणारा. ही कोळशाची भट्टी. लाकडं रचायची, वर पाला, त्यावर माती, आणि आत विस्तव धुमसत ठेवायचा, दिवसचे दिवस. भट्टीशेजारी पाल्याचं खोपट आहे. त्यात एक कातकरी कुटुंब राहतं, उचल घेऊन आलेलं. उचल फिटल्याशिवाय त्यांना जाता येत नाही. बाई तुमच्याकडे बघते आणि पुन्हा भट्टीचं एक भगदाड मातीनं बुजवायला लागते, कारण आत हवा गेली की कोळशाची राख होते आणि ती राख त्यांच्या हिशोबात धरली जाते.

इथे जरा थांबा. पोती शिवून ठेवलेली आहेत. ती खाली बैलगाडीनं जातील, तिथून ट्रकनं पुण्याला, वखारीत. डोंगराच्या पलीकडे पानशेत आहे. १२ जुलै १९६१ ला ते धरण फुटलं, पुन्हा बांधलं गेलं, आणि धरणाबरोबर त्या खोऱ्यात रस्ते आले. रस्त्याबरोबर कोळशाचे व्यापारी आले. तोपर्यंत ज्या डोंगरावरचं लाकूड खाली नेणं परवडत नव्हतं, ते परवडायला लागलं. तुमच्या घरात पुण्याचं कुणी असेल तर एक साधी गोष्ट लक्षात येईल: १९७३ साली तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात शेगडी आहे. तिच्यावर दूध तापतंय, पाडव्याच्या पुरणाची डाळ शिजली ती तिच्यावरच. आजी काटकसरी आहे, कोळसा जपून वापरते, विझवून पुन्हा पेटवते. आणि तरीही हा डोंगर त्या शेगडीत गेलेला आहे. तुम्हाला कुणाला दोष देता येत नाही, तसा तो देऊही नये. पण पोत्यावर हात ठेवून बघा.

गावात शिरताना रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग दिसतात. दुष्काळी काम. पूर्वेकडच्या तालुक्यांत तर सगळं गावच्या गाव खडी फोडायला बसलंय. इकडे मावळात पाऊस एरवी मुबलक, पण गेल्या वर्षी त्यानंही हात आखडला आणि भात पोटरीत असताना वाळलं. घराघरात अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या, त्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या आहेत. ज्या घरात मुंबईची मनीऑर्डर येते ते घर तगून आहे. शाळेतले गुरुजी तुम्हाला पाणी देतात, ते पितळी तांब्यातून आणि मोजून.

गुरुजींबरोबर एक मामा आलेत, साठीचे, डोक्याला पागोटं, हातात कोयता. राईच्या देवीची पूजा त्यांच्या घराकडे आहे. निघताना ते कोयता घरी ठेवून येतात.

"राईत न्हेत न्हाय कोयता," ते म्हणतात, आणि चालायला लागतात.

राई गावाच्या वरच्या अंगाला आहे, दोन सोंडांच्या बेचक्यात. सगळा डोंगर पिवळा-भुरा आणि मध्येच हा गडद, गोलसर तुकडा. लांबून तो लहान वाटतो. कडेला दगडी गडगा आहे, कमरेएवढा, शेवाळ वाळून काळा पडलेला. तिथे सगळ्यांनी चपला-बूट काढायचे. सरही काढतात. तुम्ही गडग्याच्या फटीतून आत पाऊल टाकता आणि ऐन उन्हातून माजघरात आल्यासारखं होतं: डोळ्यांना काही दिसेनासं, कपाळावरचा घाम एकदम गार. मुलांची बडबड आपोआप खाली येते.

नजर बसली की पहिल्यांदा दिसतो तो लाल रंग. तुम्ही हिरवं रान बघायला आला होता. इथे वरच्या फांद्यांना तांबडी, तपकिरी, गुलाबी, ताम्रवर्णी पानं आहेत आणि ती सगळी कोवळी आहेत, लोंबती, अजून अंग न धरलेली. कुसुंब तर नखशिखांत लाल. जांभळाची पालवी तांबूस, आंब्याची जांभळट, बेहड्याची फिकी. चैत्रपालवी आपण म्हणतो ती ही, आणि ती आलीय कधी, तर पावसाला अजून दोन महिने असताना, ओढे आटलेले असताना, दुष्काळात.

सर मुलांना हेच विचारतात. पाणी नसताना झाड नवी पानं का काढतं? मुलं गप्प. सर कोवळ्या पानातल्या लाल रंगद्रव्याबद्दल सांगतात, की प्रखर उन्हापासून ते पानाला जपतं. मुळं खोल असतात, खोडात पाणी साठवलेलं असतं, तेही सांगतात. पण हा प्रश्न त्यांना पुरता सुटलेला नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तुम्हाला एक उत्तर ठाऊक असू शकतं. वीस वर्षांनी, १९९३ साली, मुदुमलईच्या जंगलातल्या नोंदींवरून एक निबंध प्रसिद्ध होईल: उन्हाळ्यातच पालवी काढणाऱ्या झाडांची पानं किड्यांनी कमी खाल्लेली आढळली, पाऊस पडल्यावर पालवणाऱ्यांची जास्त. पावसाबरोबर पानं खाणारे किडे उठतात. तोवर ही लवकर आलेली पानं निबर होऊन बसलेली असतात. सरांना हे सांगावंसं फार वाटेल. सांगता येत नाही. तुम्ही मान वर करून कुसुंबाकडे बघत राहा. त्याचं काम उत्तराशिवायही चाललेलंच आहे.

पायाखाली पाचोळा घोट्याच्या वर येतो. वरचा थर कुरकुरतो, खालचा मऊ आणि ओलसर आहे. अनवाणी असल्यामुळेच हे कळतं. मध्येच पावलाला काहीतरी रेशमी लागतं: कुंभ्याची फुलं. रात्री उमलली, पहाटे गळली. पांढऱ्या पाकळ्या आणि आत गुलाबी केसरांचा झुबका. फांदीवर आता फक्त हिरवे वाटोळे बुंधे उरलेत. अंजनीची झुडपं त्याच्याही पुढे, आणि तिथे तुम्ही नक्की थबकणार आहात. फुलं फांदीच्या टोकाला नाहीत, ती फांदीला आणि खोडालाच बिलगून आलेली आहेत, निळी-जांभळी, इतकी दाट की खालची साल दिसत नाही. कॅमेरेवाला मुलगा इथे पहिला फोटो काढतो. रीळ काळं-पांढरं आहे. त्याच्या ते नंतर लक्षात येतं.

गडग्याच्या आत आणखी एक गडगा आहे. त्याच्या आत देवी. तिथे मामा थांबतात आणि विद्यार्थिनींकडे न बघता सरांना म्हणतात, "पोरींनी हितंच बसायचं."

सर काही बोलत नाहीत. बोलायला हवं होतं असं मला वाटतं, आणि तुम्हालाही वाटेल. देवरायांबद्दल हल्ली आपण इतक्या प्रेमानं बोलतो की हा भाग झाकला जातो. कुठल्या राईत बायकांना पाळीच्या दिवसांत मज्जाव, कुठे आतल्या भागात कधीच प्रवेश नाही, आणि हा नियम लावणारे सगळे पुरुष, देवी मात्र बाई. ज्या भीतीनं कुऱ्हाड अडवली त्याच भीतीनं हेही केलं. दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं गाळलं तर राईचं चित्र खोटं होतं.

एक मुलगी रागानं पाठ फिरवून बसते. दुसरी गडग्याला टेकते, वही काढते आणि सरांना म्हणते, "तुम्ही आतून नावं ओरडा, मी लिहिते." तिच्याशेजारी एक आजी येऊन बसली आहे, हंडा खाली ठेवून. झरा गडग्याच्या बाहेर आहे, तिथे बायकांना बंदी नाही. पाणी त्यांनाच न्यायचं असतं. आजी विचारते, "काय लिवतीस?" मुलगी सांगते. "मंग मला पन इचार," आजी म्हणते.

आत जाऊन सर पहिल्यांदा परवानगी मागतात. फांद्या तोडायच्या आहेत, प्रत्येकी वीतभर, प्रेसमध्ये घालायला. मामा अडचणीत पडतात. इथून वाळकी काटकी नेत नाहीत, पडलेला आंबा इथेच खातात, बाहेर नेत नाहीत. पण पाहुणे शिकलेले आहेत, लांबून आलेत. ते म्हणतात, देवीला विचारू.

काळकाई म्हणजे शेंदूर माखलेला तांदळा, नाकडोळे नसलेला. वर छप्पर नाही. गावानं पूर्वी कधीतरी घालायचं म्हटलं तेव्हा देवीनं नको म्हणून सांगितलं, अशी हकीकत आहे. सह्याद्रीत उघड्यावरच्या अशा कितीतरी देवी आहेत. बाजूला दोन वीरगळ टेकवलेत, एकावर घोडेस्वार, एकावर गाई आणि लढणारी माणसं. आजूबाजूच्या मातीत गारगोटीची पाती मिळतात का ते एक मुलगा शोधतो, कारण त्यानं दामोदर धर्मानंद कोसंबी वाचलेत. सात वर्षांपूर्वी, १९६६ साली, कोसंबी गेले. पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवून त्यांनी अशी मातृदेवतांची ठाणी आणि दगडाची बारीक हत्यारं एकाच वाटांवर सापडतात हे दाखवलं होतं. नांगर यायच्या आधीची, शिकार करत आणि गुरं घेऊन हिंडणारी माणसं जिथे थांबत, तिथे या देवी आहेत, असं त्यांचं म्हणणं. मुलाला पातं सापडत नाही. पण तो ज्या जागी उकिडवा बसलाय तिथे त्याच्याआधी किती जण बसले असतील हे त्याला जाणवलंय, आणि तो लवकर उठत नाही.

मामा तांदळ्याला पाणी लावतात आणि दोन कळ्या चिकटवतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार. सगळे उभे. वर हळद्या एकदा ओरडतो. डावी कळी पडते.

मुलांमध्ये कुजबुज होते. एवढं चालून आलो. एक जण हळूच म्हणतो, खिशात घातलं तर कुणाला कळणार? सर त्याच्याकडे बघतात आणि प्रेस खांद्यावरून काढून गडग्यापाशी ठेवून देतात. मग मामांना विचारतात, खाली पडलेलं फूल हातात घेऊन बघितलं आणि परत ठेवलं तर? त्याला मामांची हरकत नाही.

त्यानंतरचे दोन तास या सहलीतले सगळ्यात चांगले आहेत. फांदी तोडायची नाही म्हटल्यावर प्रत्येकाला बघावं लागतं. कुणी पाचोळ्यात पालथा पडून कुंभ्याच्या फुलाचे केसर मोजतो. कुणी पान जमिनीवर ठेवूनच त्याच्या शिरा वहीत उतरवतो. सर झाडाखाली बसून, एका गुडघ्यावर कुक आणि दुसऱ्यावर गळलेलं पान घेऊन, वर्णन ताडून बघतात, मान हलवतात, पुन्हा पहिल्यापासून वाचतात. तुम्हीही एखादं झाड निवडा आणि त्याच्याजवळ बसा. गारंबीचा वेल बघा: त्याचं खोड माणसाच्या मांडीएवढं आहे, ते एका झाडावरून चढून तिसऱ्यावर उतरतं, आणि हातभर लांब लाकडी शेंगा लोंबतायत. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर लांब शेपटी सोडून त्या वेलावरून उडतो, ती शेपटी त्याच्यामागून एक क्षण उशिरा वळते.

आंब्याचा घेर मोजायला टेप पुरत नाही. छातीच्या उंचीवर टेप धरलाय आणि तो मागच्या बाजूला हातभर कमी पडतो. तेव्हा तीन मुलं झाडाला कवेत घेतात, गाल सालीला टेकलेले, एकमेकांची बोटं शोधत. ती हसतायत. आणखी सोळा दिवसांनी, २४ एप्रिलला, दूर गढवालात मंडल गावचे लोक तोडीला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांना परत पाठवतील आणि चिपकोची कहाणी सुरू होईल. या मुलांना त्याची गंधवार्ता नाही. गेल्या रविवारी व्याघ्र प्रकल्पाची घोषणा झाली, त्यात आपला मेळघाट आहे. वन्यजीवांचा कायदा झाल्याला सात महिने झालेत. या राईचं नाव त्यांतल्या कशातच नाही. इथे वाघ नाही, ही अभयारण्य नाही, पाटीही नाही. जे काही आहे ते दोन कळ्यांवर आणि गावाच्या बोलण्यावर.

"पिसा, दोन!" सर आतून ओरडतात. "बेहडा, एक, मोठा! नाणा, चार!" बाहेर मुलगी लिहिते. आजी प्रत्येक नावाला काहीतरी जोडते. बेहड्याखाली झोपू नये. नाण्याची फुलं पावसाच्या तोंडाला येतात. पार जांभळाचं लाकूड कशालाच चांगलं नाही, म्हणून ते सुखी. हिरडा खोकल्याला, हल्ली व्यापारी किलोनं घेतो, पण राईतला कुणी विकत नाही. मुलगी दोन रकाने करते: एक सरांचा, एक आजीचा. आजीचा रकाना भरत जातो.

परतताना झऱ्यावर थांबा. बेचक्यातल्या दोन खडकांच्या सांध्यातून पाणी येतं, करंगळीएवढं, पण थांबत नाही. खाली दगडी डोणी आहे आणि हंडे रांगेत लावलेत. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर चढून झालाय. पाणी भेगांमधून खाली उतरतं आणि ज्या थरातून पुढे जाता येत नाही त्याच्या माथ्यावरून आडवं चालत कुठेतरी बाहेर पडतं. भेगा तर उघड्या डोंगरालाही आहेत. पण तिथे पावसाचा थेंब सरळ मातीवर आपटतो आणि माती घेऊन ओढ्याला पळतो. इथे तो आधी पानावर पडतो, मग पाचोळ्यात, आणि मुळांनी सैल केलेल्या जमिनीत मुरायला त्याला सवड मिळते. पलीकडच्या सोंडेखाली असाच एक झरा होता, मामा सांगतात. तिकडची झाडं भट्टीत गेली आणि चार-पाच वर्षांत तो होळीलाच आटायला लागला. आता त्या वाडीच्या बायका इथे येतात, तासभर चालून. रांगेतले निम्मे हंडे त्यांचे आहेत.

तुम्हाला पुढचं आणखी काही ठाऊक आहे. अशा कितीतरी राया कुऱ्हाडीनं नव्हे, जीर्णोद्धारानं जाणार आहेत. मुंबईतली मंडळी पैसे जमवतील, देवीला सिमेंटचं देऊळ हवं म्हणतील, स्लॅब पडेल, फरशी येईल, आणि कमी पडणाऱ्या पैशांसाठी देवीचीच झाडं विकली जातील. भक्ती वाढत जाईल आणि राई आटत जाईल. काही गावं मात्र ठाम राहतील. हे गाव त्यांतलं कुठलं, हे तुम्ही आज इथे उभं राहून सांगू शकत नाही.

चावडीपुढे माणसं जमली आहेत. खाटेवर कोळशाचा व्यापारी बसलाय, चहा पितोय. तो वाईट माणूस वाटत नाही. आवाज मऊ आहे, सगळ्यांची नावं त्याला ठाऊक आहेत, आणि गेल्या श्रावणात त्यानं दोन घरांना ज्वारी उसनी दिलीय. त्याचं म्हणणं सरळ आहे. साल वाईट आहे. देवीभोवतीची पाच झाडं ठेवू, बाकीची तोडू. रोख पैसे. त्यातून शाळेला पत्रे होतील, देवीला छप्पर होईल. मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर आलेला एक तरुण म्हणतो की बरोबर आहे, देव काय झाडांत राहतो का? एक म्हातारा म्हणतो, आणि पाणी? तरुण म्हणतो, सरकार विहीर देईल. कुणीतरी म्हणतं, सरकारनं पानशेत दिलं. आवाज चढतात. मामा मध्ये पडून काही बोलू बघतात, पण त्यांच्या घरात पूजा असल्यामुळे ते तसंच बोलणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे. व्यापारी शांतपणे विचारतो की असं आहे तरी काय त्या राईत, दीडएकशे पोती निघतील, त्यापेक्षा जास्त नाही.

मागे बायका उभ्या आहेत. आजी मुलीच्या कोपराला धरून तिला पुढे आणते.

"हिनं लिवलंय," ती म्हणते. "वाच गं."

मुलगी सरांकडे बघते. सर मान हलवतात. परतीच्या एसटीला फार वेळ नाही, पण कुणी घड्याळाकडे बघत नाही. ती वही उघडते आणि वाचायला लागते, सरांचा रकाना सोडून आजीचा. आंबा, सात. रायवळ, एक शेंदऱ्या, तो आधी पिकतो. जांभूळ, अकरा. कुंभा, सहा, त्याची साल वातीला. हिरडा, नऊ. बेहडा, एक. गारंबी, एक वेल, तीन झाडांवर. अंजनी, मोजता आली नाही. ती प्रत्येक नावापाशी थांबते आणि गर्दीतून कुणीतरी हुंकार भरतं, कारण ते झाड त्यांना ठाऊक आहे, त्याची जागा ठाऊक आहे. व्यापाऱ्याच्या हातातला चहा गार झालाय.

"नाणा, चार," ती वाचते. "पिसा, दोन."

"तीन," आजी म्हणते. "झऱ्याच्या वरल्या अंगाला एक हाय. बापय मानसं तिकडं जात न्हाईत, म्हनून ऱ्हायला. तीन लिव."